हरणाची लाळ, झाडाचे टॅनिन आणि वीस मिलिग्रॅम निवोलुमॅब

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांना जिभेचा कर्करोग झाला होता. शस्त्रक्रिया आणि रेडिएशननंतर दीड वर्षाने गळ्यात पुन्हा गाठ आली. आता दर तीन आठवड्यांनी निवोलुमॅब या इम्युनोथेरपीच्या, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीमार्फत काम करणाऱ्या औषधाचे २० मिलिग्रॅम सलाईनमधून दिले जाते आणि घरी आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, रोज सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिब या गोळ्या सुरू आहेत. परदेशात हेच इंजेक्शन कितीतरी जास्त मात्रेत देतात, हे तुमच्या वाचनात आले. त्याच सुमारास, हरणाने कोंब खाल्ला की झाड त्याची लाळ ओळखते आणि स्वतःची संरक्षक द्रव्ये वाढवते, असे जर्मनीतील एक संशोधनही तुम्ही वाचले. त्यावरून घरात कोणीतरी असा निष्कर्ष काढला की, झाडांची ही प्रतिकारशक्ती अर्काच्या रूपाने वडिलांना दिली, तर कमी डोसची भर निघेल. तुमच्याकडे गुळवेल आणि आणखी काही सालींच्या काढ्याची बाटली आलेली आहे, आणि ती सुरू करावी का, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे.

माझे उत्तर आहे, सुरू करू नका. मात्र नुसते नको म्हणून मी थांबणार नाही, कारण तुम्ही वाचलेले संशोधन खरे आहे, सुंदर आहे, आणि वडिलांच्या शरीरात निवोलुमॅब काय करते हे समजून घ्यायला त्याचा खरोखर उपयोग होतो. फक्त त्यातून निघणारा निष्कर्ष घरात काढला गेला त्याच्या नेमका उलट आहे.

हे संशोधन लाइपझिग विद्यापीठ आणि तेथील जैवविविधता संशोधन केंद्राशी संबंधित बेट्टिना ओझे व त्यांच्या सहकाऱ्यांचे असून ते २०१६ साली प्रसिद्ध झाले. युरोपातील जंगलांत रो जातीची लहान हरणे बीच आणि मॅपलच्या कोवळ्या रोपांचे शेंड्याकडचे कोंब खुडून खातात, आणि एकच रोप वारंवार खुडले गेले की ते वर्षानुवर्षे खुरटलेलेच राहते. या संशोधकांनी जंगलात वाढलेल्या रोपांचे कोंब हाताने कापले. काही रोपांच्या ताज्या कापावर त्यांनी पिपेटने रो हरणाची लाळ थेंब थेंब सोडली, तर काहींचा काप तसाच ठेवला. नुसत्या कापलेल्या रोपांत मुख्यतः जखमेशी संबंधित संप्रेरके वाढली, म्हणजे रोपाने ती इजा वाऱ्याने फांदी मोडावी तशी धरली. लाळ पडलेल्या रोपांत मात्र सॅलिसिलिक आम्ल वाढले, त्यापाठोपाठ टॅनिन वर्गातील तुरट द्रव्यांची निर्मिती वाढली, आणि उरलेले कोंब जोमाने वाढावेत यासाठीची वाढीची संप्रेरकेही वाढली. दोन्ही जातींत तपशील अगदी सारखे नव्हते, पण मुख्य गोष्ट स्पष्ट होती. रोपाला नुसती जखम आणि हरणाने केलेली जखम यांतला फरक कळत होता.

हा फरक कळणे झाडाला का परवडते, यातच सगळे मर्म आहे. टॅनिन फुकट तयार होत नाही. त्यासाठी लागणारा कार्बन आणि ऊर्जा पाने व मुळे वाढवण्यातून काढून घ्यावी लागते. प्रत्येक ओरखड्याला पूर्ण ताकदीने उत्तर देणारे रोप शेजारच्या रोपांच्या सावलीत जाऊन मरेल. म्हणून संरक्षणाची मोठी यंत्रणा हलवण्यापूर्वी दोन गोष्टी एकत्र याव्या लागतात, जखम आणि जखम करणाऱ्याची ओळख.

आता टॅनिन हरणाचे काय करते ते पाहा, कारण घरच्या निष्कर्षातली पहिली चूक तिथे आहे. टॅनिन प्रथिनांना चिकटते. कच्ची सुपारी किंवा हिरडा चावल्यावर तोंड आवळल्यासारखे होते, ते टॅनिनने लाळेतली प्रथिने बांधून टाकल्यामुळे. हरणाच्या पोटात ते पानातल्या प्रथिनांना असेच बांधते, पचन मंदावते, आणि हरणाला त्या रोपात रस उरत नाही. म्हणजे झाडाचे संरक्षण हे खाणाऱ्याच्या विरोधातले हत्यार आहे. ते खाल्ल्याने खाणाऱ्याची प्रतिकारशक्ती वाढावी, अशी त्याच्या रचनेत कुठेही सोय नाही. प्राण्यांनीही यावर उपाय शोधले आहेत. अमेरिकेतील म्यूल हरणाच्या लाळेत टॅनिनला धरून ठेवणारे खास प्रथिन असते आणि गाई-मेंढ्यांच्या लाळेत ते सापडत नाही, हे १९८९ सालीच दाखवले गेले आहे. मूस आणि रेनडिअर या मोठ्या हरणांच्या लाळेने तर गवतात राहणाऱ्या एका बुरशीची वाढ आणि तिने तयार केलेले विष कमी होते, असे २०१४ मधल्या एका प्रयोगात आढळले. झाड लाळेवरून शत्रू ओळखते आणि शत्रू त्याच लाळेने झाडाचे हत्यार बोथट करतो. ही चढाओढ लक्षात ठेवा, कारण कर्करोगाची गाठही आपल्या पेशींशी तशीच वागते.

आपल्या शरीरात कर्करोगाच्या पेशी मारण्याचे काम प्रामुख्याने टी-पेशी, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी, करतात, आणि त्यांनाही कामाला लागण्यासाठी दोन खुणा लागतात. पहिली खूण म्हणजे शत्रूच्या प्रथिनाचा तुकडा ओळखणे. दुसरी खूण टी-पेशीवरील सीडी-२८ नावाच्या ग्राहीमार्फत, म्हणजे संदेश पकडणाऱ्या प्रथिनामार्फत, येते, आणि ती देणारी पेशी साधारणपणे तेव्हाच देते, जेव्हा तिला आजूबाजूला काहीतरी बिघडल्याचे, पेशी फुटल्याचे किंवा जंतू आल्याचे कळलेले असते. नुसती पहिली खूण मिळालेली टी-पेशी बहुधा सुस्त होऊन बसते. बीचच्या रोपाची आणि आपल्या टी-पेशीची रेणूंची यंत्रणा वेगळी आहे, हे स्पष्ट करायला हवे. झाडाला रक्तातून फिरणाऱ्या पेशी नाहीत आणि टी-पेशीला सॅलिसिलिक आम्लाचा हुकूम कळत नाही. सारखा आहे तो प्रश्न: इजा आणि ओळख एकत्र आल्याशिवाय खर्चिक आणि धोकादायक यंत्रणा सुरू करायची नाही.

दुसरी खूण एकटीच दिली तर काय होते, हे वैद्यकाने फार मोठी किंमत देऊन पाहिले आहे. मार्च २००६ मध्ये लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयाच्या आवारातील चाचणी केंद्रात सहा निरोगी तरुणांना टीजीएन-१४१२ नावाचे प्रतिपिंड, म्हणजे ठरावीक लक्ष्याला नेमके चिकटणारे प्रथिन, टोचले गेले. ते सीडी-२८ ला असे चेतवत असे की, पहिल्या खुणेची, म्हणजे शत्रूच्या ओळखीची, गरजच उरू नये. काही तासांतच सहाही जणांच्या शरीरात दाहक द्रव्यांचा पूर आला आणि अनेक अवयव निकामी होऊ लागले. सर्वजण अतिदक्षता विभागात गेले आणि सुदैवाने सहाही वाचले. ‘प्रतिकारशक्ती वाढवते’ हे शब्द मी बाटलीवर वाचतो, तेव्हा मला ही चाचणी आठवते. त्या बाटलीत तेवढी ताकद नसते, पण दावा त्याच प्रकारचा असतो: ओळखीशिवाय नुसता जोर.

निवोलुमॅब जोर वाढवत नाही. टी-पेशींना ब्रेकही असतात, आणि ते असायलाच हवेत, नाहीतर जंतू संपल्यावरही त्या शरीरालाच खात राहतील. त्यांतला सीटीएलए-४ हा ब्रेक दाबू दिला नाही तर उंदरातील गाठी विरतात, हे जेम्स ॲलिसन यांच्या प्रयोगशाळेने १९९६ साली दाखवले. पीडी-१ हा दुसरा ब्रेक जपानमध्ये तासुकु होंजो यांच्या गटाने १९९२ मध्ये शोधला. या दोघांना २०१८ चे नोबेल मिळाले. अनेक गाठी आपल्या पृष्ठभागावर पीडी-एल-१ हे प्रथिन मांडतात आणि अंगावर आलेल्या टी-पेशीचा पीडी-१ ब्रेक दाबतात. हरणाची लाळ टॅनिनला बांधते, तशीच ही गाठीची शहाणी खेळी आहे. निवोलुमॅब पीडी-१ वर जाऊन बसते, त्यामुळे गाठीला तो ब्रेक दाबता येत नाही. गाठीला आधीच ओळखलेली, पण अडकून पडलेली टी-पेशी मग आपले काम पुढे नेते. ओळखणारी टी-पेशीच नसेल, तर ब्रेक मोकळा करूनही काही घडत नाही. डोके व मानेच्या परतलेल्या कर्करोगात, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, पूर्ण डोसचे निवोलुमॅब एकटे दिल्यावर गाठ ठळकपणे लहान झालेले रुग्ण सुमारे १३ टक्केच होते. वर्षभर जगलेल्यांचे प्रमाण मात्र सुमारे १७ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर गेले. हे आकडे तुम्हाला निराश करण्यासाठी देत नाही. या औषधाची मर्यादा बहुतेक वेळा ओळखीची असते, मात्रेची नसते, हे कळावे म्हणून देतो.

यावरून तुमच्या खऱ्या काळजीकडे येतो. वडिलांना मिळणारा डोस ‘अर्धवट’ आहे का? नेहमीचा डोस दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम असतो. दर तीन आठवड्यांनी २० मिलिग्रॅम म्हणजे त्याच्या दहाव्या भागापेक्षाही कमी. हे ऐकून कोणाच्याही पोटात गोळा येईल. पण निवोलुमॅबच्या अगदी सुरुवातीच्या चाचण्यांतच दिसले होते की, फार कमी मात्रेतही टी-पेशींवरील पीडी-१ ग्राही जवळजवळ व्यापले जातात. सगळ्या खुर्च्या भरल्यावर दाराशी आणखी शंभर माणसे उभी केल्याने सभागृह जास्त भरत नाही.

या विचारावर मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील विजय पाटील, कुमार प्रभाश आणि सहकाऱ्यांनी रीतसर चाचणी केली, आणि ती जगातील या विषयाच्या अग्रगण्य नियतकालिकात प्रसिद्ध झाली. तुमच्या वडिलांसारख्या, म्हणजे डोके व मानेचा कर्करोग परतलेल्या किंवा पसरलेल्या १५१ रुग्णांचे त्यांनी चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला त्याच तीन गोळ्या आणि दुसऱ्या गटाला गोळ्यांबरोबर दर तीन आठवड्यांनी २० मिलिग्रॅम निवोलुमॅब देण्यात आले. वर्षभर जगलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात १६.३ टक्के आणि दुसऱ्या गटात ४३.४ टक्के होते. मध्यम जीवनकाल, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ, ६.७ महिन्यांवरून १०.१ महिन्यांवर गेला, आणि गंभीर दुष्परिणाम मात्र वाढले नाहीत. यात पूर्ण डोस आणि कमी डोस यांची समोरासमोर तुलना नव्हती. तरीही एक गोष्ट ठाम सांगता येते: वडिलांचा उपचार म्हणजे निव्वळ पैसे वाचवण्यासाठी केलेली काटछाट नाही. तो आपल्याच रुग्णांवर, आपल्याच तंबाखूने झालेल्या कर्करोगावर तपासून घेतलेला उपचार आहे. पूर्ण डोसचा खर्च न झेपल्यामुळे इम्युनोथेरपीशिवाय परत गेलेली कुटुंबे मी वर्षानुवर्षे पाहिली आहेत, त्यामुळे या २० मिलिग्रॅमबद्दल मला वाटणारा आदर मी लपवत नाही.

तेव्हा भर घालण्याजोगी पोकळीच नाही. काढ्याने मात्र नुकसान होऊ शकते, आणि ते कसे, हे मी तपशिलात सांगतो. टी-पेशीचा ब्रेक मोकळा केल्यावर ती कधी कधी स्वतःच्याच अवयवांवर जाते. आतडे, फुप्फुस, यकृत, थायरॉइड, पिट्युटरी, क्वचित हृदयाचा स्नायू, कुठेही दाह होऊ शकतो. यकृताचा दाह झाला आणि तो निवोलुमॅबमुळे झाला असे ठरले, तर आम्ही ते औषध थांबवून स्टेरॉइड सुरू करतो. आता गुळवेलीचे पाहा. कोविडच्या काळात, सप्टेंबर ते डिसेंबर २०२० दरम्यान, मुंबईतील यकृततज्ज्ञांना गुळवेल घेणारे सहा रुग्ण असे आढळले की, ज्यांच्या यकृताला स्वयंप्रतिकाराच्या प्रकारची इजा झाली होती. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला आणि वनस्पतीची ओळख नीट पटवली होती का, असा प्रश्न उपस्थित केला. त्यानंतर देशातील १३ केंद्रांतून अशा ४३ रुग्णांची माहिती एकत्र प्रसिद्ध झाली. गुळवेल घेणाऱ्या प्रत्येकाला असे होते, असे कोणीही म्हणत नाही. पण तुमच्या वडिलांच्या यकृतावर मेथोट्रेक्सेटचा भार आधीच आहे, एर्लोटिनिबचे विघटनही यकृतातच होते, आणि निवोलुमॅबने ब्रेक सैल केलेला आहे. त्यात काढा आला आणि एसजीपीटी, म्हणजे यकृताची इजा दाखवणारा रक्तचाचणीतला आकडा, चारशेवर गेले, तर दोष कोणाचा हे कोणालाच सांगता येणार नाही, आणि मग खबरदारी म्हणून जे औषध थांबेल ते निवोलुमॅब असेल. काढ्याचा सर्वांत मोठा धोका मला हाच वाटतो. ज्या औषधाचा उपयोग होत आहे, ते त्याच्यामुळे हातचे जाते.

माझ्याकडे आलेल्या एका बाईंचे उदाहरण देतो. चौथ्या सलाईनसाठी त्या आल्या, तेव्हा पिशवीत जेवणाच्या डब्याशेजारी फडक्यात गुंडाळलेली एक बाटली होती. पाच दिवसांपासून दिवसाला सात-आठ वेळा जुलाब होत होते, आणि ‘काढा पोट साफ करतोय, विष बाहेर पडतेय’ असे कोणीतरी सांगितल्यामुळे त्यांनी फोन केला नव्हता. तो आतड्याचा दाह होता. स्टेरॉइडने तो आटोक्यात आला, पण आठवडाभर रुग्णालयात राहावे लागले. पहिल्या दिवशी फोन आला असता, तर हे बहुधा गोळ्यांवर भागले असते. जुलाब काढ्यामुळे झाले की इंजेक्शनमुळे, हे मला आजही खात्रीने सांगता येत नाही. पण काढ्यामुळे निदानाला पाच दिवसांचा उशीर झाला, हे नक्की.

झाडांचा आणि कर्करोगाच्या उपचाराचा खरा संबंध किती खोल आहे, हेही सांगायला हवे, नाहीतर मी वनस्पतींच्या विरोधात आहे असा समज होईल. सह्याद्रीत, आंबोली-चांदोलीच्या बाजूला नरक्या नावाचे लहान झाड असते. त्याच्या फुलांना इतका घाण वास येतो की, जुन्या शास्त्रीय नावातच ‘दुर्गंधी’ या अर्थाचा शब्द होता. त्यात कॅम्प्टोथेसिन हे विष असते, आणि त्यासाठी या झाडाची इतकी चोरटी तोड झाली की, काही भागांत ते दुर्मिळ झाले. कॅम्प्टोथेसिन मुळात एका चिनी झाडातून १९६६ मध्ये वेगळे काढले ते मनरो वॉल आणि मनसुख वाणी यांनी. वाणी आपल्या नंदुरबारचे, आणि पुढे यू झाडाच्या सालीतील टॅक्सॉल हे कर्करोगावरचे औषधही याच जोडीने जगाला दिले. कॅम्प्टोथेसिन पेशीतील डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या टोपोआयसोमरेज-१ या विकराला (एन्झाइमला) अडकवते आणि पेशी मरते. मग झाड स्वतः कसे मरत नाही? जपानी संशोधकांनी २००८ मध्ये याचे उत्तर दिले. हे विष बनवणाऱ्या वनस्पतींच्या त्या विकरात एका विशिष्ट ठिकाणी एक अमिनो आम्ल बदललेले असते, आणि नेमका तोच बदल या औषधाला न जुमानणाऱ्या माणसाच्या रक्ताच्या कर्करोगाच्या पेशींतही आधी सापडला होता. स्वतःला वाचवण्यासाठी झाडाने जी युक्ती काढली, तीच कर्करोगाने आमच्यापासून वाचण्यासाठी काढली. इतक्या वर्षांनंतरही हे वाचताना माझ्या अंगावर काटा येतो.

याच विषाच्या कुळातला एक रेणू आज ट्रास्टुझुमॅब या प्रतिपिंडाला जोडून स्तनाच्या कर्करोगात दिला जातो. एका प्रतिपिंडावर साधारण आठ रेणू असतात. प्रतिपिंड एचईआर-२ प्रथिन असलेली पेशी ओळखते आणि विष तिच्या आत सोडते. इथेही विष उपयोगी पडले ते ओळखीशी जोडले गेल्यावर, मात्रा मोजून आणि चाचण्या करून. साल उकळून प्यायल्याने यातले काहीही घडत नाही.

वनस्पतींच्या बाजूने वडिलांसाठी काही करायचेच असेल, तर ते ताटात करा. अमेरिकेत त्वचेच्या मेलानोमा कर्करोगाच्या रुग्णांवर झालेल्या, २०२१ मधल्या अभ्यासात, निवोलुमॅबसारखी औषधे घेताना आहारात पुरेसा तंतू (फायबर) असलेल्यांमध्ये रोग जास्त काळ आटोक्यात राहिला. बाजारातील प्रोबायोटिकच्या कॅप्सूलमुळे मात्र तसा फायदा दिसला नाही. कर्करोग वेगळा आहे, म्हणून मी हा निष्कर्ष जसाच्या तसा वडिलांना लावणार नाही. पण गिळायला त्रास असताना ज्वारीची आंबील, मऊ शिजवून घोटलेली भाजी, सालीच्या मुगाचे पातळ वरण, पिकलेली पपई यांत गमावण्यासारखे काही नाही. फोडणीतली हळद, आले, जिरे चालू ठेवा. माझा विरोध हळदीच्या कॅप्सूलना आहे, स्वयंपाकाला नाही.

बाटलीतले थोडे जरी दिले गेले असेल, तर किती दिले, कधीपासून दिले, हे लपवू नका. पुढच्या भेटीला ती बाटली लेबलसह घेऊन जा आणि सलाईन लावण्याआधी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. त्याच दिवशी यकृताची रक्तचाचणी करायला सांगा. दोन सलाईनच्या मधल्या काळात नेहमीपेक्षा दिवसाला तीन-चार वेळा जास्त जुलाब झाले, नवा कोरडा खोकला किंवा धाप लागली, लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, छातीत दुखले, किंवा असह्य थकवा आला, तर तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी फोन करा. रात्र असेल तर तातडीच्या विभागात जा आणि तिथल्या डॉक्टरांना पहिल्या वाक्यातच सांगा, ‘यांना निवोलुमॅब सुरू आहे.’ औषधांची नावे व शेवटच्या सलाईनची तारीख एका कागदावर लिहून तो वडिलांच्या शर्टाच्या खिशात ठेवा, कारण अशा वेळी फाइल घरीच राहिलेली असते.